सफरचंद नको, सायलेन्सर आणा

आमच्या यांचं नाव लहानू आणि उंची सहा फूट एक इंच. पाच भावंडांत शेवटचे म्हणून आईने हौसेने ठेवलेलं नाव. पोरगं पुढे दाराच्या चौकटीला डोकं आपटेल हे त्या माउलीला कुठून कळणार. सिन्नर तालुक्यातल्या गावोगावी मोटारसायकलवर फिरून शिलाई मशीन दुरुस्त करायची, हा यांचा बावीस वर्षांचा धंदा. आमची ओळखही त्यातूनच झाली. माझ्या मशीनचा धागा तुटत होता, तो यांनी नीट करून दिला आणि तीन दिवसांनी पुन्हा तुटतोय का ते बघायला आले. तुटत नव्हता. तरी चौथ्या दिवशी परत आले, तेव्हा माझ्या वडिलांना काय ते समजलं.

गेल्या डिसेंबरात मोहदरी घाटात यांच्यापुढे टोमॅटो भरलेली पिकअप चालली होती. तिची मागची फळी निसटली, क्रेट रस्त्यावर आले आणि हे गाडीसकट टोमॅटोंवरून घसरत थेट कठड्याला जाऊन टेकले. लोक धावले तर माणूस डोक्यापासून पायापर्यंत लालभडक. एका बाईने रडायलाच सुरुवात केली, आणि हे तिला समजावत बसले की मावशी, रडू नका, हे सगळं टोमॅटोचं आहे. मग ऐटीत उभे राहायला गेले आणि मट्कन खाली बसले. डावा घोटा तीन ठिकाणी मोडला होता.

घोट्यात एक प्लेट आणि सहा स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण पाऊल वर-खाली वळायचं नाही, वर्षभर तरी नाही, कदाचित कधीच नाही. म्हणजे डाव्या पायाने गिअर टाकणं संपलं. मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. मी कॉटशेजारी उभी राहून बजावलं की आता गाडी बंद, सिडकोत माझ्या ब्लाउजच्या दुकानात एक टेबल टाकून देते, तिथे बसून मशीन दुरुस्त करा. यांनी मान हलवली. भुलीच्या इंजेक्शनात हलवलेली मान धरायची नसते, हे मला पुढे कळलं.

घरी आणलं आणि भेटायला माणसांची रीघ लागली. आजारी माणसाला बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही, आणि नाशकात द्राक्षांचा हंगाम सुरू व्हायला अवकाश असला की सगळ्यांना सफरचंदंच सुचतात. आठवड्यात घरात अकरा पिशव्या झाल्या. मी सफरचंदाची कोशिंबीर केली, शिरा केला, शेवटी भाजी केली. त्या भाजीनंतर यांच्या मावसभावाचा फोन आला की संध्याकाळी येतोय. हे म्हणाले, “ये की. पण सफरचंद आणू नको. तुझ्या पत्र्यावर त्या जुन्या राजदूतचा हेडलाइट पडलाय, तो आण.”

मला वाटलं गंमत आहे. संध्याकाळी हेडलाइट आला, धुऊन पुसून, सफरचंदाच्याच पिशवीत.

बातमी कशी पसरली कोण जाणे, पण प्रत्येकाच्या घरी माळ्यावर नाहीतर संडासामागे एखाद्या मेलेल्या गाडीचा अवयव असतो आणि तो टाकवत नाही, हे मला त्या महिन्यात कळलं. यांच्या चुलत्यांनी सायलेन्सर आणला. बँकेतल्या किशोरभाऊंनी बुलेटचं सीट आणलं; बुलेट बायकोने विकायला लावली होती, सीट त्यांनी लपवून ठेवलं होतं. लग्नाच्या बँडमधल्या यादवने हॉर्न आणला, तो वाजला की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येतात. आमची भाजीवाली झुंबरबाई रोज एम-एटी गाडीचा कॅरिअर मला दाखवून परत न्यायची. नवऱ्याने त्यावरून पंधरा वर्षं घरोघरी दूध घातलं होतं, तो गेल्यापासून कॅरिअर अंगणात उभा होता. आठव्या दिवशी तिने त्याला हळदकुंकू लावून आणला आणि यांच्या कॉटवर ठेवला.

“घ्या दादा,” ती म्हणाली. “लय फिरलाय ह्यो. घरी नाय करमत त्याला.”

त्यावर हे माझ्याकडे बघत राहिले. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

चासी आणि इंजिन यांच्या मूळ गाडीचंच, म्हणजे कागदपत्रं शाबूत. बाकी सगळी गाडी भेटायला आलेल्यांची. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले शेजारचे मोतीरामकाका हात काळे करायला मिळतात म्हणून सकाळी सातलाच हजर. हे कॉटवर आडवे, हातात कुबडी, ती छडीसारखी फिरवून सांगायचे की तो नट नव्हे, त्याच्या शेजारचा. काका म्हणायचे, मी एसटीची इंजिनं उतरवलीत, मला नट शिकवू नकोस. मग शेजारचाच निघायचा. पार्किंगमध्ये गाडी, व्हरांड्यात कॉट, उशाशी पेट्रोलची टाकी. रात्री टाकीला डोकं लागतं म्हणून तक्रार करायची आणि हलवू द्यायची नाही.

मी रोज भांडायचे. एक दिवस कूकर उघडला तर आत डाळीऐवजी कार्बोरेटर उकळत होता. मी तो झाऱ्याने काढून यांच्या पांघरुणावर ठेवला आणि दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, एवढीच हौस आहे तर बिनगिअरची स्कूटर घ्या. लगेच शेजाऱ्यांची आणून बसवलं. न वळणारा पाय पुढे सरळ बाहेर, दुसरा गुडघा हँडलमध्ये अडकलेला. लग्नातल्या घोड्यावर उंट बसावा तसं दिसलं. मलाच इतकं हसू आलं की मी पायरीवर बसले. पण हसून झाल्यावर बोलले ते खरंच बोलले, की अपघाताच्या त्या फोननंतर हॉस्पिटलपर्यंत रिक्षात माझं काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुमच्या गाडीत मी एक खिळासुद्धा देणार नाही. काकांनी पाना खाली ठेवून घरी जातो म्हटलं.

मार्चमध्ये हे काठी घेऊन चालायला लागले. गाडी उभी राहिली होती: टाकी हिरवी, मडगार्ड लाल, हेडलाइट डोळे वटारलेला, मागे झुंबरबाईचा कॅरिअर. सगळं होतं, गिअर टाकायची सोय तेवढी नव्हती. कुणाला काही सुचेना.

आणि मग हे माझ्या दुकानात येऊन बसायला लागले. मी शिवायची, हे खुर्चीवर, नजर माझ्या गुडघ्यावर. पहिल्या दिवशी मी साडी सारखी केली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बाई गालात हसली. तिसऱ्या दिवशी मी, लग्नाला एकवीस वर्षं झालेली बाई, चक्क नवी साडी नेसून दुकानात गेले. चौथ्या दिवशी विचारलं, काय बघता एवढं?

“तुझा गुडघा,” हे म्हणाले. “किती छान चालतो.”

माझ्या पॉवर मशीनला टेबलाखाली गुडघ्याशी एक गादीची दांडी आहे. गुडघ्याने ढकललं की सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय वर उचलला जातो, दोन्ही हात कापडावरच राहतात. आम्ही तिला लिफ्टर म्हणतो. यांचं म्हणणं, तीच दांडी टाकीशेजारी बसवली, खाली गिअरला सळईने जोडली, की गुडघा बाहेर ढकलला तर गिअर वर आणि आत ओढला तर खाली. घोट्याला कामच नाही. नव्या साडीचं माझं सगळं अवसान उतरलं.

मी म्हटलं, मेनरोडला पाहिजे तेवढे लिफ्टर मिळतात, घेऊन या.

“मिळतात,” हे म्हणाले. “पण सगळ्यांनी काही ना काही दिलं. तू एकटी राहिलीस. तू दिलास तर बसवीन. नाहीतर गाडी तशीच उभी राहू दे, मी टेबल टाकून बसतो इथे.”

असं म्हणून काठी टेकत घरी गेले. रागावले असते तर बरं झालं असतं, मला रागाला उत्तर देता येतं. लग्नसराईचे चौदा ब्लाउज माझ्यापुढे पडले होते. मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि तिथे वर्षानुवर्षं बसलेला हा माणूस मला दिसला, दाराकडे तोंड करून. मला रडू आलं आणि स्वतःचाच रागही आला. मग टेबलाखाली शिरले आणि लिफ्टर सोडवला. एक स्क्रू गंजलेला होता, त्यावर नख मोडलं.

डॉक्टरांनी घोट्याला काम नसेल तर हळू चालवा म्हणून परवानगी दिली, आणि एप्रिलमधल्या एका रविवारी गाडी निघाली. कॉलनीला एकच फेरी मारायची आणि मागे मी बसायचं, ही माझी अट. फटफट सुरू झाली, यादवचा हॉर्न वाजला, गॅलऱ्या भरल्या. पहिल्याच वळणावर कुत्रं आडवं आलं, यांनी घाबरून गुडघे आवळले, तसा गिअर खाली आला आणि मी यांच्या पाठीवर आपटले. पुढे हे गुडघा बाहेर काढायचे तर मागच्या रिक्षावाल्याला वाटायचं डावीकडे वळतायत. तो चिडून पुढे आला, गुडघ्याची हालचाल बघितली आणि एका हाताने नमस्कार करून गेला. हे हसत होते, मी हसत होते, मोतीरामकाका मागून धावत ओरडत होते की क्लच, क्लच. गाडी प्रत्येक गिअरला पुढून उसळी घेत होती आणि मला कुणाच्या लग्नात नाचल्यासारखं झालं होतं.

फेरी संपली, गाडी दारात थांबली. गाडी सुरूच ठेवून यांनी फोन बघितला. सिन्नरपुढच्या दुबेरे गावच्या सुलाबाईंचा होता, नाव मला मागून दिसलं. त्यांचं मशीन डिसेंबरपासून बंद होतं आणि त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. फोन खिशात ठेवून हे फक्त म्हणाले, उतर, झाली फेरी.

मी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला आणि तशीच बसून राहिले.

“दुबेऱ्याला किती वेळ लागतो?” मी विचारलं.

यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, तासभर, पण या गाडीचं काही सांगता येत नाही.

मी म्हटलं, आपल्याला घाई नाही.