पाणकावळ्याचा हिरवा डोळा

पक्षी बघायला मी शिकलो ते पक्षी हाकलायच्या नोकरीवर.

वाशिम जिल्ह्यात जऊळका गावाच्या अलीकडे एक लहान तलाव आहे. त्यात मासळी सोडायचा ठेका घेतलेल्या मालकाला राखणीला माणूस हवा होता. मी रत्नागिरीकडचा, सातवीतून शाळा सोडून बोटीवर गेलेला. बोट विकली गेली तेव्हा मासळीच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने मला इथे आणून सोडलं. समुद्रावरचा माणूस म्हणजे याला माशांतलं सगळं कळणार, असं मालकाला वाटलं. गोड्या पाण्यातला जिवंत रोहू मी तोवर पाहिलाही नव्हता, पण तसं बोललो नाही. गावी भावाच्या घरात माझी पथारी गुंडाळली गेली होती. इथून हाकललं तर जायचं कुठे, हाच घोर.

मालकाने तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, टिनाची खोली दिली. डिसेंबर आला तसा मी रात्री कुडकुडायला लागलो. आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा बंद करायचा, एवढंच. मालकाने अंगावरचा स्वेटर काढून दिला. चॉकलेटी, मनगटाशी हिरवी पट्टी, त्याच्या बायकोने विणलेला. असं मला कोणी कधी काही दिलं नव्हतं. तो घातला की वाटायचं, या माणसाचं नुकसान आपल्या हातून होता कामा नये.

नुकसान करणार होते पाणकावळे. तलावाच्या एका कोपऱ्यात जाळीच्या आत बोटुकली होती, म्हणजे बोटाएवढी मत्स्यपिल्लं. पाणकावळा बुडी मारतो आणि वर येतो तो गिळतच. म्हणून कोपऱ्यावर आडवातिडवा तंगूस बांधलेला, लांबून न दिसणारा नायलॉनचा दोरा. बाकी मी पत्र्याचा डबा बडवायचो, सुतळी बॉम्ब लावायचो. बोटुकली कमी झाली तर मी गेलो, हे मालकाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

एका रविवारी वाशिमहून एक सर आले. शाळेत शिकवायचे, गळ्यात दुर्बीण. मला डबा बडवताना बघून ते रागावले नाहीत. त्यांनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली आणि खुंटावर बसलेला एक पाणकावळा दाखवला. मी त्याला इतके दिवस शिव्या घालत होतो. काळा, ओंगळ, चोर. दुर्बिणीतून बघतो तर त्याचा डोळा हिरवागार, ओल्या काचेसारखा. मी बराच वेळ दुर्बीण खाली घेतली नाही.

सर म्हणाले, नाव विचारायची घाई नको. आधी तो काय करतो ते बघा, कसा बसतो, कसा उडतो, मग नाव आपोआप डोक्यात राहतं. तेव्हापासून ते दर रविवारी यायला लागले. हळदी-कुंकू बदक, शेकाट्या, टिबुकली, एकेक करून दाखवायचे. मी चुकायचो, ते पुन्हा सांगायचे. शाळेत माझ्यावर एवढा वेळ कोणी घालवला नव्हता. पुढे त्यांनी त्यांची जुनी दुर्बीण मलाच देऊन टाकली. तिची एक काच धुरकट होती. मी एका डोळ्याने बघायचो.

मालकाने एकदा मला तसं बसलेलं पाहिलं.

"काहून रे कोकण्या," तो म्हणाला, "पाखरं पाहून राह्यला, का त्याइले माहे मासे चारून राह्यला?"

हसूनच म्हणाला. मीही हसलो. पण त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त बॉम्ब फोडले.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी एक पाणकावळा तंगुसात अडकला. पंख गुरफटलेला, ओरडायचीही ताकद नाही. मी स्वेटरसकट छातीभर पाण्यात शिरून दोरा कापला आणि त्याला हातात धरून पाळीवर आलो. नेमके तेव्हाच सर आले. बरोबर मोठा कॅमेरा घेतलेले एक पाहुणे. पाहुण्यांनी फोटो काढला. मी हसलो होतो, एवढं आठवतं. पक्षी थोडा वेळ गवतात बसला आणि उडाला. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

चार दिवसांनी मालक मोटारसायकल बंद न करताच खाली उतरला. मोबाइल माझ्यापुढे धरला. पाहुण्यांनी काढलेला फोटो गावभर फिरत होता: दोन ओले हात, हातात मान टाकलेला पाणकावळा, मागे उन्हात चमकणारा तंगूस. माझं तोंड फोटोतून कापून टाकलेलं. वर लिहिलं होतं, पक्ष्यांचे मारेकरी. तलावाचं नावही होतं.

"थोबाड नाही दिसत कोनाचं," मालक म्हणाला. "पन हा स्वेटर त माहा हाय."

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्याच्या सासऱ्यानेही तो स्वेटर ओळखला, आणि आता गावात मारेकरी म्हणून मालकाचंच नाव झालंय.

मी सरांना फोन लावला. म्हटलं, मी सोडवत होतो ना हो त्याला. ते म्हणाले, "अहो, तुमचा चेहरा कुठे आहे त्यात? आणि दोरा तर खराच होता ना?"

दोरा खराच होता. मी फोन ठेवला.

चौकशीला वनखात्याची माणसं येऊन गेली. मालकाने मला काढलं नाही, त्याचे उपकारच. म्हणाला, "तंगूस सोडून टाक सारा. आता तूच तंगूस. अन् थे दुर्बीण ठेव. दुरून दिसतीन तुले पाखरं."

दिसतात. कुठल्या बाजूने येतात, वळण कुठे घेतात, कितीजण पुढे आणि कितीजण मागे राहतात, सगळं सरांनीच बघायला शिकवलंय. पाण्यावर उतरायच्या आधीच मी डबा बडवतो. आता एकही टेकत नाही. पाणकावळ्यांबरोबर बदकं गेली, शेकाटे गेले, ज्यांनी कधी मासा खाल्ला नाही तेही गेले. बोटुकली भरपूर आहे. मालक लोकांना सांगतो, असा राखणदार मिळायचा नाही. दिवाळीला त्याच्या बायकोने माझ्यासाठी नवा स्वेटर विणला, माझ्या मापाचा.

परवा सरांचा मेसेज आला. यंदा तुमच्या तलावावर काहीच नाही म्हणतात, काय झालं?

मी लिहायला घेतलं. तेवढ्यात किन्हीराजा गावाच्या अंगाने एक काळी रांग येताना दिसली. धुरकट नसलेल्या काचेतून पाहिलं. पाणकावळेच. फोन खिशात टाकला आणि डबा उचलला.