युसूफचाचांचा काळा गोंद

युसूफचाचा गेल्याचं कळलं तेव्हा मी अक्कलकुव्याच्या बाजारात टोमॅटो निवडत होते. फोन त्यांच्या मुलीचा, शबानाचा. "सिस्टर, अब्बा नही ऱ्हायनात," एवढंच म्हणाली. मी हातातले टोमॅटो परत पाटीत टाकले. खरं सांगायचं तर मला आधी राग आला, आणि तो माझाच. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी दुकानातून हात केला होता आणि मी "येते नंतर" म्हणून पुढे निघून गेले होते. नंतर कसलं नि काय... या गोष्टीला आता दीड महिना होईल.

हायवेला लागून त्यांचं दुकान. जीपच्या आणि बसच्या सीटा शिवणं हा त्यांचा धंदा, त्यामुळे तिथे कायम रेक्झिनचा आणि ते चिकटवायच्या सोल्युशनचा वास असायचा. मी नर्स. आमची तपासणीची बोट नर्मदेच्या काठावरच्या पाड्यांवर जाते, मणिबेलीपर्यंत. बोटीचा तळ पत्र्याचा. ओले पाय, सांडलेलं डिझेल आणि त्यावरून डोक्यावर बोजा घेऊन चढणाऱ्या बाया... रोज कुणी ना कुणी घसरायचंच. खरखरीत रबरी मॅट आणली होती, पण ती चिकटवणार कोण? बोटीचा कारागीर आमच्याकडे कुठून मिळणार! म्हणून काही वर्षांपूर्वी मी या सीटवाल्याला गाठलं.

चाचा ऐन थंडीत आले. पाण्याची त्यांना जबर भीती. काठाला बांधलेल्या बोटीतसुद्धा त्यांनी अल्लाचं नाव घेत पाय ठेवला. मी हसले तर म्हणाले, "हसा सिस्टर, हसा. तुमले पोहता येस." मग कामाला लागले ते त्यांच्या पद्धतीने. दोन्ही बाजूंना सोल्युशन फासायचं, बोटाची मागची बाजू लावून बघायची, ती चिकटेनाशी झाली की मॅट दाबून बसवायची. आयुष्यभर सीटा त्यांनी अशाच चिकटवल्या होत्या. मॅट इतकी झकास बसली की बोट चालवणारा दित्या दिवसभर तिच्यावरून उगाचच येरझाऱ्या घालत होता.

वैशाखात घात झाला. पत्रा तापून लाल झालेला, त्या उन्हात सोल्युशन मऊ पडलं आणि मणिबेलीची बुधीबाई पाय टाकते तोच तिच्यासकट मॅटच सरकली. घसरू नये म्हणून लावलेली वस्तूच घसरली! म्हातारीचं मनगट मोडलं. ते जुळलं, पण तिने बोटीचं नाव टाकलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशनला पलीकडे न्यायचं तर बोटीशिवाय वाट नाही. मी समजावलं, रागावले, हातापाया पडले. ती आपली एकच सांगायची, त्या बोटीत बसण्यापेक्षा आंधळी बरी.

मी तणतणत चाचांच्या दुकानात गेले. जरा जास्तच बोलले, हे आज कबूल करते. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सिस्टर, पत्रा दुपारले किती तपस?" मला काय ठाऊक! "मंग माले बठीसन देखनं पडी," ते म्हणाले.

आणि आले की हो! रोजे चालू होते. सकाळी दहापासून चारपर्यंत हा माणूस चालत्या बोटीत तळहात पत्र्यावर टेकवून बसला. हात भाजला की उचलायचा, फुंकर मारायची, परत टेकवायचा. चारी बाजूंना एवढं पाणी, आणि घोटभरही प्यायचं नाही. मधूनच ते इंजिनाजवळ कान नेत. पत्रा थरथरतो, पाय पडला की दबतो, हे त्यांनी तेव्हा ओळखलं. परत जाऊन त्यांनी पत्र्याच्या तुकड्यांवर वेगवेगळ्या गोंदांनी मॅट चिकटवून ते छपरावर उन्हात टाकले, मग डिझेल मिसळलेल्या पाण्यात बुडवले. दोन ट्यूबा कालवून लावायचा गोंद दगडासारखा कडक झाला, पण पत्रा वाकवला की तडकला. शेवटी बसच्या काचा बसवणारे वापरतात तो काळा गोंद टिकला. तो सुकला तरी रबरासारखा लवचीक राहतो, ना उन्हाला भीत ना पाण्याला. पत्रा घासून, थिनरने पुसून त्यांनी मॅट बसवली आणि तीन दिवस बोटीवर कुणाला पाय ठेवू दिला नाही. दित्यालासुद्धा नाही.

चौथ्या दिवशी ते मणिबेलीला आले. बुधीबाईला आम्ही काठापर्यंत कशीबशी आणली होती. चाचा तिच्यापुढे हात जोडून म्हणाले, "माय, तू पडनी नही. मी पाडं तुले." मग बोटीकडे वळले. "मी पयले उभा ऱ्हास. मी पडनू ते तू नको येजो." त्यांनी पायजमा वर खोचला, बादलीभर पाणी मॅटवर ओतलं आणि दित्याला बोट काठापासून आत न्यायला सांगितलं. भर उन्हात, अनवाणी, कशालाही न धरता ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. परत आले, पुन्हा चालले. बुधीबाई डोळे बारीक करून बघत होती. बोट काठाला लागली तशी ती कुणाला काही न सांगता उठली आणि चढली.

ऑपरेशन झालं. तिला दिसायला लागलं. मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, की काळ्या गोंदाच्या भरवशावरच म्हातारी तयार झाली.

मागच्या आठवड्यात ती बोटीत होती. चाचा गेल्याचं मी तिला सांगितलं. तिने पायाखालच्या मॅटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "बिचारा. किती घाबरला होता."

मी विचारलं, "तुला कसं कळलं? तुला तर तेव्हा दिसतही नव्हतं."

"चेहरा नव्हता दिसत," ती तिच्या बोलीत म्हणाली. "पण त्याची सावली कापत होती. गोंदाचं मला काय कळतं, बाई? माझ्यापेक्षा घाबरलेला माणूस माझ्यासाठी पाण्यावर उभा राहिला होता. मग मला बसून राहवेना."

मला रडू आवरलं नाही. ती शेजारी सरकली आणि तिने तिचं वाकडं जुळलेलं मनगट माझ्या गुडघ्यावर ठेवलं.