बिनआवाजाचं मशीन

आमच्या मैदानावरचं गवत कापायचं जुनं मशीन दर आठवड्याला काहीतरी मागायचं; कधी नवा पट्टा, कधी पात्यांना धार. त्यावर बसणारे माळी शंकरमामा कुरकुर न करता ते द्यायचे. त्याच्या खडखडाटाने गवतातली टिटवी ओरडत उठायची आणि मामा तिच्या अंड्यांना वळसा घालून पुढे जायचे.

परवा त्याचं इंजिनच बसलं. आज बॅटरीवरचं नवं आलं.

"याला आवाजच नाही हो," मामा म्हणाले, "तिला कळायचं कसं?" त्यांचा पाय ब्रेकवरून निघेना.

वडिलांचा खोकला थांबला, तेव्हा आमचं घरही असंच शांत झालं होतं. त्या शांततेची मला अजून भीती वाटते.

मी मशीनपुढे टाळ्या वाजवत चालू लागलो. अर्धं मैदान कापून झालंय. टिटवी अजून उठलेली नाही.