पाया पडणारा पहिलवान

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगत होतात, की कुठल्याशा सतरा वर्षांच्या पोरानं टेनिसमध्ये भल्याभल्यांना हरवलं. तेव्हा वाटलं, माझ्या धाकट्या मामाबद्दल आता लिहूनच ठेवावं; त्याला लढताना पाहिलेलं माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही. जगातल्या कुठल्याही पहिलवानाला त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी इतके आशीर्वाद दिले नसतील!

शेणवे गावचा हा मामा सोळाव्या वर्षी शहापूर-मुरबाडच्या जत्रांतून इनामी कुस्त्या लढे, आणि त्याही कुस्तीवरच पोट असलेल्या, मिशा पिकू लागलेल्या पहिलवानांशी. खोड एकच. वयानं मोठं कुणी दिसलं की हा पाया पडलाच. पोस्टमन सायकलवरून उतरायच्या आत त्याचे पाय धरून दोनदा त्याला पाडलंन. घरची म्हैसही सुटली नाही. माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, म्हणायची, "अरे, ती तुझ्याहून लहान हाय!"

"पन दूध पाजते ना, ताय!"

एकदा म्हशीनं लाथ मारून त्याला शेणात उताणा पाडला. तोवर त्याला चीत करणारी ती एकटीच. आखाड्यात समोरचा दंड थोपटत आला, की मामा वाकून त्याच्या पायांना हात लावी. तो बिचारा सवयीनं "यशस्वी हो" म्हणून जाई आणि लगेच आभाळ बघत पडे. वर मामा त्याची पाठ झाडत म्हणे, "आशीर्वाद तुमीच दिला, दादा. माझा काय दोस?"

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मुरबाडच्या जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती त्याला मिळाली. ती जिंकला तर एका संस्थानाच्या तालमीत त्याला ठेवून घेणार होते. तिथला माणूस बघायला आला होता. समोर चाळिशी उलटलेला नामांकित मल्ल. आम्ही बायका-मुली बैलगाडीत उभ्या राहून बघत होतो. मामा पाया पडला. त्या मल्लानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो वाकून काही पुटपुटला, आणि बघता बघता मामा उताणा.

"नुरा! नुरा!" लोक ओरडले. आधी ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. संस्थानाचा माणूस उठून गेला. मामाला शिकवणाऱ्या वस्तादांनी तोंड फिरवलं.

घरी आईनं विचारलं, "काय बोलला रे तो?"

"म्हनला, पोरा, ही माझी शेवटची. येवढी मला दे."

"आनि तू दिलीस?"

"पाया पडलो व्हतो ना गो. वडीलधाऱ्यानं मागितलं, नाय कसं म्हनू?"

"मंग वस्तादांना सांग की!"

"सांगितलं तर त्याचा फेटा उतरंल, ताय."

वस्तादांना त्यानं शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. पुढे त्याला कुणी कुस्तीला बोलावलंही नाही. कसाऱ्याला रेल्वेच्या रुळांच्या कामावर त्याचा जन्म गेला. त्या दिवशी त्यानं नुसते हात जोडले असते तर, असं मला अजून वाटतं. लग्नानंतर मी त्याच्या पाया पडायला वाकले, तर तो घाईनं मागे सरला. "नको गो पोरी. मी पन काय मागून बसंन."

त्याचा व्यायामाचा लाकडी मुद्गल शेणव्याच्या घरात अजून आहे. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तो दाराला लावून ठेवतात.