मनोरीला आलेला निरोप

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. अंधेरीला सिस्टरांच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, ख्रिस्ती मुली शाळा सोडून जायच्या आधी त्यांना चार दिवस मनोरीला समुद्रकाठी नेत. तिथे प्रार्थना, फादरांची प्रवचनं आणि बाकी सगळा वेळ मौन. याला रिट्रीट म्हणत. मी हिंदू, त्यामुळे माझा त्याच्याशी कधी संबंध आला नव्हता. पण त्या वर्षी स्वयंपाकाकडे बघणाऱ्या सिस्टर तापाने पडल्या. आमच्या मुख्याध्यापिका आयर्लंडच्या. त्यांना सगळे मदर म्हणायचे. त्या मला म्हणाल्या, "मनोरीच्या बायकांना माझं मराठी कळत नाही आणि मला त्यांचं. तुम्ही याल का मदतीला?"

घरी आईने कपाळाला आठ्या घातल्या. "त्यांच्यात जाऊन जेवणार काय तू?" मी म्हटलं, आमटी-भात माझा मी करून घेईन. आणि गेले.

मार्व्याहून होडीने पलीकडे गेलं की सुरूच्या झाडांत एक जुना बंगला होता. तो शाळेने भाड्याने घेतला होता. विहिरीचं पाणी मचूळ, त्यामुळे चहाला कसलीच चव नसे. गावातल्या दोन बायका रांधायला येत. त्या मासळी साफ करत, मी तांदूळ निवडी, आणि खिडकीतून मुली दिसत. एरवी वर्गात क्षणभर गप्प न बसणाऱ्या त्या पोरी वाळूत एकेकट्या फिरत होत्या. समोरासमोर आल्या की नुसत्या हसायच्या.

दुपारी जेवणानंतर तेवढा तासभर बोलायची मुभा असे. त्या वेळात एक मुलगी रोज माझ्याकडे स्वयंपाकघरात येऊन बसे. मालाडजवळच्या गावठाणातली, घरात मराठीच बोलणारी. माझ्या वर्गात निबंध बरा लिहायची, पण शुद्धलेखनाच्या नावाने बोंब. आल्या आल्या ती कांदे सोलायला घेई.

"बाई, आमच्याकडे आता बाळ येणारेय," ती म्हणाली होती. "आईला मी म्हटलं, मी राहते घरी. तर म्हणते, जा तू. एकदाच मिळतं हे."

"आणि परीक्षा झाल्यावर काय करणार तू?"

"टेलिफोनमध्ये नोकरी, नंबर जोडून द्यायची. माझी मावसबहीण आहे तिथे. ती म्हणते, आवाज चांगला असला की घेतात. माझा चांगला आहे ना?"

चांगलाच होता तिचा आवाज. मी तसं तिला सांगितलंही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुली चॅपलमध्ये होत्या. बंगल्यातल्या मोठ्या खोलीलाच प्रार्थनेसाठी चॅपल केलं होतं. तेवढ्यात एक माणूस फाटकातून आत आला. अंगात काळा कोट आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी पुढे झाले. तो त्या मुलीचा मामा होता.

"बाई, माजी बहीन गेली," तो म्हणाला. "बाळंतपनात. रात्रीच. पोरगी जगलीय."

मी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मदरना बाहेर बोलावलं. त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. मग मला बाजूला नेऊन म्हणाल्या, "तिला तुम्ही सांगा."

"मी? मदर, मी तर तुमच्या धर्मातलीही नाही."

"देवाबद्दल मी तिच्याशी नंतर बोलेन. ही बातमी तिला तिच्या भाषेत कळू दे. इंग्रजीत मी सांगितली तर ती 'येस, मदर' म्हणेल आणि उभी राहील."

त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही.

प्रार्थना संपल्यावर मी तिला खुणेने मागच्या अंगणात बोलावलं. ती हसत आली. मी तोंड उघडणार तोच तिने ओठांवर बोट ठेवलं. मौन होतं ना.

"आता बोललेलं चालेल," मी म्हटलं.

माझ्या आवाजावरूनच तिला काहीतरी कळलं असावं. तिचं बोट ओठांवरून खाली आलं.

त्यांच्यात अशा वेळी काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या घरी जे म्हणतात तेच मी म्हटलं. "आई देवाघरी गेली गं तुझी. बाळ आहे. मुलगी झाली."

ती रडली नाही. आधी म्हणाली, "कुणाची आई?" मग म्हणाली, "माजी आय?" शाळेतलं मराठी तिच्या तोंडून गळून पडलं होतं. मी तिला जवळ घेतलं. आत बाकीच्या मुलींचं मौन चालू होतं. त्यांना ऐकू जाईल म्हणून ती पदर तोंडात धरावा तसं माझ्या खांद्यावरचं लुगडं दातांत धरून राहिली.

मदरनी मलाही तिच्याबरोबर पाठवलं. होडीत मामा एका टोकाला, आम्ही दोघी दुसऱ्या. मध्येच तिने विचारलं, "बाई, बाळाला दूध कोण पाजत असेल?" मामा म्हणाला, "शेजारीन पाजते."

मार्व्याहून टांग्याने आम्ही तिच्या घरी पोचलो. आई बाहेरच्या खोलीत होती, लग्नातली साडी नेसवलेली, हातांत जपमाळ. धाकटी भावंडं भिंतीशी ओळीने उभी होती. ती आईपाशी गुडघे टेकून बसली, आईच्या कपाळावरून हात फिरवला. आतून बाळाचं रडणं आलं तशी उठून आत गेली. बाहेर आली ती बाळाला घेऊनच. सबंध अंत्यविधीत ते बाळ तिने दुसऱ्या कुणाकडे दिलं नाही.

ती परीक्षेला बसली नाही. मदर तिच्या वडिलांना दोनदा भेटून आल्या. वडील कारखान्यात फिटर, पाळ्यांची नोकरी. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा, मी घरात कुणाला ठेवू?"

पुढच्या जूनमध्ये ती शाळेच्या फाटकाशी भेटली. धाकट्या बहिणीला पहिलीत घालायला आली होती. कडेवर ते बाळ, चांगलं गुटगुटीत झालेलं. साडीत ती वयाने मोठी दिसत होती. आम्ही जरा वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग तिने विचारलं, "बाई, शेवटच्या दिवशी मनोरीला काय केलं त्यांनी? मुली सांगतात, पण नीट सांगत नाहीत. मला वाईट वाटेल म्हणून."

"मला कुठे माहीत? मी तुझ्याबरोबर होते ना."

"हो की," ती म्हणाली. "विसरलेच मी."

पुढे माझं लग्न झालं, मी मुलुंडला आले, नोकरी सुटली. ती टेलिफोनमध्ये लागली की नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. एखाद्या दुपारी फोन उचलला आणि पलीकडून 'नंबर प्लीज' ऐकलं की मी नंबर सांगायला उगाच थोडा उशीर करायची.