धरलं का?

एसटी फाट्यावर येऊन थांबली तरी आबांचा पत्ता नव्हता. मग उसाच्या कडेनं पळत आले, गुऱ्हाळातून तसेच, हाताला गुळाची चिकटी. आमचे आबा गुळव्या. रस शिजला कधी, काहील चुलवाणावरून उतरवायची कधी, हे गुऱ्हाळात तेच सांगणार. त्यांनी एक भेली माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाले, "न्हाई जमलं तर हंगामाला सरळ परत ये. लाज बाळगायची न्हाई." आई पदरानं डोळे पुसत होती, पण म्हणाली काय तर, "जमंल की तिला. आवाज बघा पोरीचा."

गावाकडचे तुम्ही सगळे फोनवर विचारता, वसई-विरारकडे तुझा जीव रमला कसा. मस्कतला गेलेली आमची सुमी तर रोज विचारते. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

खरं तर रमला नव्हता. नर्स म्हणून लागले त्या हॉस्पिटलच्या आयसीयूत पहिल्याच आठवड्यात माझ्या आवाजाची चेष्टा सुरू झाली. "सिस्टर, शेतात उभ्या आहात का?" त्यात आम्हा कोल्हापूरकडच्या बायकांचं पुरुषांसारखं "मी आलो, मी जातो." मी बोलले की सगळे खुदूखुदू हसायचे. केरळच्या लिसी सिस्टर बिचाऱ्या प्रेमानंच सांगायच्या, "धीरे बोलो, बेटा." शेवटी मी तोंडाला कुलूप लावलं. विरारजवळ बोळिंजच्या खोलीवर दोन मैत्रिणी होत्या, त्यांच्याशीही कामापुरतं. हंगाम लागला की परत जायचं, असं मनात ठरवूनही टाकलं होतं.

तेवढ्यात फिलूमावशी आल्या. वसईतल्या पाचूबंदरच्या, मासळी विकणाऱ्या. निमोनियानं दोन्ही फुप्फुसं भरलेली, व्हेंटिलेटर लावलेला, तरी रक्तातला ऑक्सिजन घसरतच चाललेला. एकच उपाय उरला होता, पालथं झोपवायचं. पालथं केलं की पाठीकडची दबलेली फुप्फुसं मोकळी होतात. असे पेशंट आम्ही एरवी मुंबईला पाठवायचो, पण मावशींना अॅम्ब्युलन्सचा प्रवास झेपणारा नव्हता. म्हणजे जे करायचं ते आम्हीच, आणि आमच्यातल्या कुणीच ते आधी केलेलं नव्हतं. तोंडातून श्वासनळीत गेलेली नळी, मानेतली सलाईनची, लघवीची, सगळ्या सांभाळून माणूस उलटा करायचा. घशातली नळी निसटली तर संपलंच.

डॉक्टर मॅडमनी आधी तालीम घेतली. शेजारच्या रिकाम्या बेडवर वॉर्डबॉय मिश्राला झोपवलं. "वन, टू, थ्री," मॅडम म्हणाल्या. निम्म्यांनी "थ्री" म्हणतानाच ओढलं, निम्म्यांनी "थ्री" संपल्यावर. लिसी सिस्टर मनातल्या मनात मल्याळममध्ये मोजत होत्या, त्या आणखी मागे राहिल्या. मिश्राचे खांदे एकीकडे, पाय दुसरीकडे. "मार डालोगे क्या?" तो ओरडला. सगळे हसले, मॅडम सोडून. मिश्राच्या जागी मावशी असत्या तर, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आणि माझं कुलूप निघालं. "मॅडम, मोजू नका," मी म्हणाले, तेही माझ्या खऱ्या आवाजात. "आमच्याकडे काहील उतरवताना कुणी मोजत नाही."

सांगितलं त्यांना. मोठी थोरली लोखंडी कढई, आत उकळता पाक, कड्यांतून दांडे घालून गडी उभे. मोजायला लागलं की एकजण घाई करतो आणि पाक कुणाच्या तरी पायावर. म्हणून आबा एकेकाचं नाव घेऊन विचारतात, "धरलं का?" ज्याचा त्यानं जबाब द्यायचा, "धरलं." एकाचा जबाब नाही आला तर काहील जागची हलत नाही. मग हाक एकच, एकाचीच.

मॅडम बेडच्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "नळी आणि डोकं माझ्याकडे. हाक तुम्ही द्या, पण मी मान हलवल्यावरच."

मिश्राला पुन्हा उलटवलं. चपातीसारखा गेला.

बाहेर मावशींची मुलगी रोझी उभी होती. तिला सगळं समजावलं तर म्हणाली, "आई घरी पन पालथीच झोपते. करा तुमी." बोलणं ठाम. आत मावशींचे डोळे चिकटपट्टीनं मिटवले, पोटात जाणारं अन्न आधीच थांबवलं होतं. पोट मोकळं राहील अशा उशा छातीखाली आणि कमरेखाली घ्यायला तयार ठेवल्या. मी एकेकाला विचारत गेले. लिसी सिस्टर, धरलं का? धरलं. मिश्रा? धरलं. नळ्या? धरल्या. मॅडमची मान हलली आणि मी हाक दिली, आधी कुशीवर. पुन्हा सगळ्यांना विचारलं, पुन्हा हाक, पालथ्या.

नळी जागच्या जागी होती. आणि थोड्या वेळानं मॉनिटरवरचा आकडा चढायला लागला. मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. लिसी सिस्टरनी माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

पुढे दर काही तासांनी मावशींचं तोंड या बाजूचं त्या बाजूला वळवायचं, हात बदलायचे, गालावर जखम होत नाही ना ते बघायचं, हे सगळं माझ्या हाकेवर. मावशी व्हेंटिलेटरवरून सुटल्या, घरी गेल्या. महिन्याभरानं रोझीनं सुक्या बोंबलांची पिशवी आणून दिली. "आईनं त्या ओरडनाऱ्या बाईला द्यायला सांगितलेत."

मावशींना पालथं केलं त्याच दिवशी आबांना फोन केला होता. सगळं ऐकून त्यांनी काहील उतरल्यावर विचारतात तेवढंच विचारलं, "सांडलं न्हाई न्हवं?"

"न्हाई आबा. थेंबबी न्हाई."

आता वॉर्डात सगळेच "धरलं का?" विचारतात. लिसी सिस्टरच्या तोंडून ते ऐकायला यायला हवं तुम्ही.

परवा आबांचा फोन आला. "हंगाम लागला. कवा येतीस?"

"येतो की. बुधवारी गावाकडं येतो, रविवारी घरी जातो."

बोलून गेले आणि माझं मलाच कळलं, मी बोळिंजच्या खोलीला 'घर' म्हणाले ते. मागून गुऱ्हाळातला कालवा तेवढा ऐकू येत होता. वाटलं, दुखावले. मग त्यांचा तोच आवाज आला, काहिलीपाशी उभं असल्यासारखा.

"तितं धरलं का?"

"धरलं, आबा," मी म्हणाले. बोळिंजच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात.