हौसामावशींची भातलावणी आणि आमचे साहेब

पवनानगरजवळच्या गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये मी हजेरीचं मस्टर सांभाळतो. घरी गेल्यावर रोज डायरीत चार ओळी लिहितो. पण आमच्या साहेबांना कामगारांना मोटिव्हेट करायची भारी हौस. त्यामुळे चार ओळींवर कधी भागतच नाही.

एकदा पुण्याहून ट्रेनर आले. म्हणाले, "डोळे मिटा आणि आपलं ध्येय बघा." पाच मिनिटांनी सगळ्यांनी डोळे उघडले, धोंडूआबांनी नाही. त्यांना हलवून विचारलं, "आबा, काय दिसलं?"

"काय न्हाई. पर लय बरं वाटलं. रोज दुपारी घेत जावा."

मग भिंतीवर बोर्ड लागला, 'आजचं टार्गेट दोनशे जुड्या'. नेमकं तेव्हा आठवडाभर ऊन नव्हतं, कळ्या घट्ट मिटलेल्या. हौसामावशी म्हणजे फुलं कापणाऱ्यांतल्या सगळ्यात जुन्या. बोर्ड बघून म्हणाल्या, "साहेब, ह्यो आत झाडांम्होरं लावा. आमी वाचून काय उपेग?"

पुढे 'उत्तम कामगार' असा बिल्ला निघाला. पहिला सुमनला मिळाला, आणि त्या दुपारी तिच्या शेजारी कुणी जेवायला बसेना. दुसऱ्या दिवशी बिल्ला कोल्ड रूमच्या मशिनवर! सुमन म्हणाली, "रातंदिस चालतंय, च्या मागत न्हाई." बिल्ला अजून तिथंच आहे.

शेवटी साहेबांनी जाहीर केलं, वर्षभर खाडा नसेल त्याला मिक्सर. जुलै आला. बाकीच्यांनी भातलावणीला खाडे केले, यादीत एकट्या हौसामावशी उरल्या. त्यांची रोपं मात्र वाफ्यातच पिवळी पडायला लागली होती. नवऱ्याची कंबर धरलेली, मजूर मिळेना. दोन दिवसांत लावणी झाली नाही तर घरचे वर्षाचे तांदूळ गेले.

"खाडा मांडा, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "मिक्सर न्हाई तर न्हाई. पाटा हाय घरी."

"कशापायी?" सुमन म्हणाली. "उद्या समदी मिळून इर्जिक घालू. जेवान तुमचं, हात आमचं."

दुसऱ्या दिवशी सगळे उजाडतानाच पॉलीहाऊसवर हजर. एरवी एकपर्यंत चालणारं काम साडेनऊला संपलं. फुलं मोजून कोल्ड रूममध्ये ठेवली, एक दांडा मोडलेला नाही. मस्टर कपाटात ठेवून मीही पँट दुमडली आणि मावशींच्या खाचरात उतरलो.

अकराला साहेबांची गाडी बांधाशी थांबली. साहेब कोल्ड रूम बघूनच आले होते.

"साडेनऊला संपलं? मग रोज का नाही संपत?"

हौसामावशींनी रोपांची जुडी पुढे केली. "वर उबं राहून न्हाई कळायचं. बूट काढा."

साहेबांनी काढले. तासाभरात एक ओळ लावली.

"वाकडी हाय," धोंडूआबा म्हणाले.

"असू द्या," मावशी म्हणाल्या. "नवा माणूस हाय."

एक खाचर उरलं. दुसऱ्या दिवशी फुलांचं काम आटपून आम्ही तिथं पोचलो, तर बांधावर बूट होते आणि साहेबांची ओळ निम्म्यावर आली होती. सरळ होती.